ग्रंथातील नकाशा आणि नकाशाबाहेरची वाडी

आपल्या घरोघरी असणाऱ्या पवित्र शास्त्राच्या अखेरीस बहुधा चार-सहा रंगीत पाने जोडलेली असतात. एका पानावर बारा वंशांना वाटून दिलेली भूमी, दुसऱ्यावर प्रभू येशूच्या काळातील गालील आणि यहूदिया, तिसऱ्यावर संत पौलाच्या प्रवासाच्या तांबड्या रेषा. लहानपणी प्रवचन लांबले की आम्ही हीच पाने उलटत असू. पुढे सेमिनरीत शास्त्राभ्यास करताना ध्यानात आले, की ती पाने शोभेची नाहीत. यरुशलेमहून यरिहोकडे जाणारी वाट डोंगरावरून खोल दरीत उतरते, हे एकदा नकाशावर पाहिले म्हणजे दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यातील तो माणूस लुटारूंच्या हाती का सापडला, हे वेगळे सांगावे लागत नाही.

ग्रंथासाठी भूमीचे वर्णन तयार करण्याची चाल तर शास्त्राइतकीच जुनी आहे. यहोशवाच्या पुस्तकाचा अठरावा अध्याय काढून पाहावा. प्रत्येक वंशातून तीन-तीन माणसे निवडून यहोशवा त्यांना देशभर फिरण्यास पाठवतो. ती माणसे गावोगाव हिंडतात, भूमीचे सात भाग करतात, ते पुस्तकात लिहून आणतात आणि मगच वाटणी होते. क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे: आधी पायांनी फिरणे, मग लिहिणे, मग वाटणी. जॉर्डन देशातील मादबा येथे संत जॉर्जच्या चर्चच्या जमिनीवर सहाव्या शतकातील रंगीत खड्यांचा नकाशा आहे. पवित्र भूमीचा एवढा जुना दुसरा नकाशा आज उपलब्ध नाही. त्यातील जॉर्डन नदीत मासे आहेत आणि मृत समुद्राच्या तोंडाशी पोहोचलेला एक मासा माघारी वळलेला दाखवला आहे. पुढचे पाणी जगण्याजोगे नाही, एवढे सांगायला त्या कारागिराला एक मासा पुरला.

हे सारे आज लिहिण्यास कारण घडले ते आमच्याच एका चुकीमुळे. सुमारे बारा-तेरा वर्षांपूर्वी आम्ही कर्जत-खालापूरच्या परिसरात सेवेस असताना धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त एक छोटेखानी पुस्तक काढले. चर्चचा इतिहास सांगता सांगता परिसराचाही इतिहास सांगावा, अशी आमची हौस. मजकूर शंभरेक पाने झाला आणि एका नकाशावाचून ते पुस्तक अपुरे आहे असे सर्वांचे मत पडले. तो नकाशा आम्ही काढला, तो छापला गेला आणि पुढे त्याने आम्हांला जे शिकवले, ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटले. पण त्याआधी या मुलखाचा नकाशांतील इतिहास थोडक्यात पाहू.

किनारा भरलेला, आतला मुलूख कोरा

राजमाचीच्या डोंगराळ कुशीतून उल्हास नदी निघते. ती कर्जतवरून, बदलापूर-कल्याणवरून वाहत जाते आणि अखेर वसईच्या खाडीने समुद्राला मिळते. वसईच्या आमच्या बंधुभगिनींनी हे मुद्दाम ध्यानात घ्यावे. आपल्या खाडीचे पाणी कर्जतच्या डोंगरांतून आलेले आहे. पोर्तुगीज काळातील नकाशे पाहिले तर मात्र या नात्याचा फारसा बोध होत नाही. दों जुआंव द काश्त्रू यांनी १५३८-३९ साली गोव्याहून दीवपर्यंत प्रवास करून किनाऱ्याचा वाटाड्या ग्रंथ सिद्ध केला आणि त्यात बंदरांची चित्रे जोडली. पुढे १६३५ साली आंतोनियू बोकारू यांच्या ग्रंथासाठी पेद्रु बार्रेतु द रेझेंद यांनी किल्ल्यांचे आराखडे रंगवले. वसईचा आराखडा त्यात आहे. ग्रंथासाठी खास नकाशे काढून घेण्याची ही आपल्या भागातील फार जुनी आणि उत्तम उदाहरणे होत. परंतु हे नकाशे दर्यावर्द्यांनी व किल्लेदारांनी आपल्या कामासाठी काढले. त्यांना खाडीची खोली हवी होती, तटाची जाडी हवी होती. ती नदी आतून कुठून येते, हा त्यांचा प्रश्न नव्हता. त्यामुळे खाडीपलीकडचा मुलूख कोरा राहिला. कोरा राहिला म्हणजे ओसाड होता असे नव्हे. काढणाऱ्याला त्याची गरज नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

आतला मुलूख चालत पाहणाऱ्यांत येशूसंघीय धर्मगुरूंचा मान मोठा आहे. फादर आंतोनियो मोन्सेराते १५८० साली अकबराच्या दरबारी पोहोचले. पुढच्या वर्षी बादशहाच्या काबूल मोहिमेत ते बरोबर होते आणि वाटेत मुक्कामोमुक्कामी अक्षांश मोजत होते. नंतर इथिओपियाकडे जात असता ते अरबांच्या कैदेत पडले आणि त्या कैदेतच त्यांनी आपला लॅटिन वृत्तान्त पुरा केला. त्याला त्यांनी हिंदुस्थानचा एक लहानसा नकाशा जोडला. हे हस्तलिखित तीनशे वर्षे विस्मृतीत गेले. १९०६ साली ते कलकत्त्यात सापडले आणि १९१४ साली फादर होस्टेन यांनी ते छापून प्रसिद्ध केले. अठराव्या शतकात फादर योसेफ टिफेनथालर यांनी उत्तर हिंदुस्थानात तीसहून अधिक वर्षे भ्रमंती करून गावांची, नद्यांची टिपणे केली. येशूसंघ विसर्जित झाल्यावरही ते इथेच राहिले आणि १७८५ साली लखनौ येथे निवर्तले. त्यांचे नकाशे व वर्णने बर्लिनहून ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. या दोघांच्या कामात एक गोष्ट समान आहे. नकाशा आणि मजकूर एकाच माणसाने, एकाच वाटेवरून चालताना केला. त्यामुळे मजकुरातले गाव नकाशावर सापडते आणि नकाशावरचे गाव मजकुरात. ग्रंथातील नकाशाची ही पहिली कसोटी होय.

घाटाने आणलेले नकाशे

कर्जत-खालापूर नकाशावर आले ते बोरघाटामुळे. पनवेल, चौक, खालापूर, खोपोली आणि मग घाट चढून खंडाळा, ही पुण्याची वाट. खोपोलीचे तळे आणि महादेवाचे देऊळ नाना फडणविसांनी बांधले, ते याच वाटेवर. १७७८ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची फौज पनवेलहून हाच घाट चढून गेली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे तिला मानहानीचा तह करावा लागला. १७८१ साली जनरल गॉडर्डने फेब्रुवारीत हा घाट घेतला, पण एप्रिलमध्ये मराठ्यांचा मार खात त्याला पनवेलकडे परतावे लागले. दोन मोहिमांत जे कळले ते इंग्रज विसरले नाहीत. ज्या वाटेने फौज जायची, ती वाट आधी कागदावर हवी.

लंडनमध्ये जेम्स रेनेल यांनी १७८२ साली हिंदुस्थानचा नकाशा प्रसिद्ध केला आणि त्यासोबत एक पुस्तकही लिहिले. कोणती रेघ कोणाच्या माहितीवरून ओढली, कुठे मोजमाप आहे आणि कुठे अंदाज, याची कबुली त्या पुस्तकात आहे. अशी कबुली देणारा नकाशाकार विरळाच. त्याच सुमारास मुंबई इलाख्यात चार्ल्स रेनॉल्ड्स यांनी पुष्कळ वर्षे खपून एक अवाढव्य नकाशा तयार केला. १८०७ साली तो पुरा झाला, विलायतेस रवाना झाला, पण छापला गेला नाही. लहान नकाशा ग्रंथाबरोबर घरोघर पोहोचला आणि मोठा नकाशा दप्तरात पडून राहिला. ज्ञान मोठे असून भागत नाही. ते वाचणाऱ्याच्या हाती मावेल अशा आकाराचे असावे लागते.

१८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. १८५६ च्या मे महिन्यात रेल्वे पळसदरीवरून खोपोलीपर्यंत आली आणि १८६३ साली घाटमार्ग पुरा होऊन कर्जतहून लोणावळ्यास गाडी चढू लागली. चढ फार म्हणून गाडी मध्येच थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकास जोडून, उलट दिशेने पुढे नेण्याचे एक स्थानक घाटात होते. १९२९ साली नवा मार्ग झाल्यावर ते बंद पडले. या घाटाचे काम ऐन भरात असताना, १८६१ च्या आरंभी, त्यावर बेचाळीस हजार माणसे राबत होती, असे मुख्य अभियंता बर्कली यांच्या वृत्तान्तावरून दिसते. पटकीने व अपघातांनी त्यांतील कितीतरी दगावली. या मार्गाचे जे नकाशे आम्ही पाहिले त्यांत बोगदे आहेत, पूल आहेत. राबणाऱ्यांची पाले कुठे होती, ते नाही.

आता ग्रंथासाठी नकाशा काढणाऱ्याला इथे पहिला पेच पडतो तो काळाचा. १८८२ च्या सरकारी गॅझेटिअरात कर्जत शोधायचे तर ते ठाणे जिल्ह्याच्या खंडात सापडते, खालापूरही त्यातच. पुढे हा मुलूख कुलाबा जिल्ह्यात आला आणि १९८१ साली कुलाब्याचे नाव रायगड झाले. म्हणजे १८८० सालच्या हकिकतीसोबत आजचा रायगड जिल्हा दाखवला, तर चित्र सुबक आणि इतिहास खोटा. १८६५ च्या प्रवासाचे वर्णन छापायचे तर घाटात ते उलट फिरण्याचे स्थानक हवेच, आणि आजच्या वाटसरूसाठी पुस्तक असेल तर ते नको. नकाशावर वर्ष लिहिलेले नसेल तर तो कोणत्याही काळाचा नाही असे समजावे.

उंबरखिंडीचा नकाशा कसा काढावा

नियम सांगण्यापेक्षा एक उदाहरण घेऊ. खालापूर तालुक्यात चावणी गावाजवळ उंबरखिंड आहे. १६६१ च्या फेब्रुवारीच्या आरंभी शिवाजी महाराजांनी येथे कारतलबखानाच्या मोगल फौजेला कोंडले. शाएस्तेखान तेव्हा पुण्यात तळ देऊन होता. त्याने कोकण जिंकण्यास पाठवलेली ही फौज लोणावळ्याकडून कुरवंडे घाटाने खाली उतरली आणि दाट अरण्यातील चिंचोळ्या वाटेत शिरली. पुढचे तोंड महाराजांनी रोखले, मागची वाट मावळ्यांनी बंद केली. फौजेत रायबाघन ही शूर सरदारीण होती. तिच्या सल्ल्याने खानाने शरण येऊन, सामानसुमान टाकून, जीव वाचवला. या प्रसंगाचे सविस्तर वर्णन कवींद्र परमानंदांच्या शिवभारतात आहे. तो संस्कृत ग्रंथ स. म. दिवेकर यांनी १९२७ साली मराठी भाषांतरासह प्रसिद्ध केला.

शाळेच्या पुस्तकासाठी किंवा एखाद्या चरित्रासाठी या लढाईचा नकाशा हवा आहे असे समजा. प्रथम आधारपत्र निवडावे लागते. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या नकाशावर डोंगरांच्या समोच्च रेषा मिळतात. घाटमाथा, नागफणीचे टोक, खालची दरी आणि आंबा नदीचा उगमाकडचा भाग त्यावरून कळतो. भूमि अभिलेख कार्यालयात गावनकाशा मिळतो. त्यावर शिव, गटांच्या सीमा, ओढे, गाडीवाटा असतात, पण डोंगराचा चढउतार नसतो. एक नकाशा उंची सांगतो आणि दुसरा मालकी. लढाईला पहिला हवा, जुन्या वाटेचा माग काढायला दुसऱ्याचीही मदत होते. मग दोहोंवर विसंबून न राहता पायी जाऊन पाहावे. आम्ही एका माघ महिन्यात, म्हणजे लढाईच्याच ऋतूत, काही तरुणांना घेऊन कुरवंड्याहून खाली उतरलो. नकाशावर बोटभर दिसणारी वाट उतरायला निम्मा दिवस लागला. खाली नदीचे पात्र सोडले तर दोन माणसे शेजारी चालतील एवढीही मोकळीक कित्येक ठिकाणी नव्हती. हत्ती-घोडे, तंबू, खजिना घेऊन फौज यातून कशी निघाली असेल, हे कागदावर कळले नसते.

यानंतर खरे काम सुरू होते, ते गाळण्याचे. आजच्या नकाशावरून द्रुतगती मार्ग काढून टाकायचा, रेल्वे काढायची, धरणे व कारखाने काढायचे, खोपोलीच्या शहराचा विस्तार काढायचा. काय ठेवायचे? मजकुरात जे गाव, जो घाट, जी नदी आली असेल ती प्रत्येक. मजकुरात न आलेले शक्यतो एकही नको. आम्ही यासाठी एक साधी युक्ती करतो. हस्तलिखित वाचताना प्रत्येक स्थळनामाखाली तांबडी रेघ ओढायची आणि त्यांची यादी करायची. नकाशा तयार झाला की त्या यादीवर एकेक खूण करीत जायचे. खूण न झालेले नाव म्हणजे वाचकाशी केलेला विश्वासघात.

नावांचे प्रकरण याहून नाजूक. जुन्या इंग्रजी कागदांत खोपोलीचे 'कँपूली' आणि वसईचे 'बसीन' झालेले असते. ते रोमी लिपीतून परत देवनागरीत आणताना गावाला भलतेच नाव मिळते. म्हणून नाव गावात जाऊन, गावकऱ्याच्या तोंडून ऐकावे. शिवाय एक कर्जत आपले आणि दुसरे पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात. खंडाळेही एकाहून अधिक. सूचीत कोणत्या कर्जताविषयी बोलतो आहोत हे न लिहिल्याने चांगल्या चांगल्या पुस्तकांत घोटाळे होतात. शिवभारतात या अरण्याला तुंगारण्य म्हटले आहे. ते नाव आज कोणत्याही पाटीवर नाही. अशा नावाच्या अक्षरांचे वळण निराळे ठेवावे, म्हणजे ते ग्रंथातून आले आहे, गावातून नव्हे, हे वाचकाला कळते. आणि जी वाट अंदाजाने ओढली ती तुटक रेषेने दाखवावी. फौज अमुक ठिकाणापर्यंत कुठून गेली हे निश्चित ठाऊक नसता तिथे ठसठशीत बाण काढणे म्हणजे खोटी साक्ष देणेच होय. आठवी आज्ञा शब्दांना लागू आहे, तशी रेषांनाही आहे.

राहता राहिली छपाईची बाजू. आमच्या पहिल्या नकाशावर आम्ही खाली मोठ्या दिमाखात 'एक इंच बरोबर एक मैल' असे लिहिले होते. छापखान्यात तो पानात बसेना म्हणून निम्मा लहान केला गेला आणि आमचे प्रमाण खोटे ठरले. आकड्यांऐवजी प्रमाणरेषा काढली असती, तर नकाशाबरोबर तीही लहान झाली असती आणि खरी राहिली असती. दुसरी गंमत अशी, की नकाशा समोरासमोरच्या दोन पानांवर पसरला होता. बांधणी झाली आणि मधल्या शिलाईत सबंध बोरघाट गडप झाला. ज्या घाटासाठी एवढा खटाटोप, तोच नेमका दिसेना! दोष छापखान्याचा नव्हता. मधली अर्धा-पाऊण इंच जागा मोकळी सोडायची असते हे आम्हांलाच ठाऊक नव्हते. देवनागरीची अडचण आणखी वेगळी. नदीचे नाव नदीच्या वळणाने लिहावे तर शिरोरेषा मोडते आणि वेलांट्या-उकार शेजारच्या रेषांत अडकतात. म्हणून नाव थोडे दूर, सरळ ओळीत लिहिलेले बरे. ट्रेसिंग कागदावर शाईच्या पेनने काढा की संगणकावर, या गोष्टी बदलत नाहीत.

मनाई आणि मुभा

आमच्या पिढीच्या लेखकांना कोकणचा नकाशा छापण्याचे भय वाटे, त्याला कारण होते. १९६७ पासूनच्या नियमांनुसार सरहद्दीपासून व समुद्रकिनाऱ्यापासून ऐंशी किलोमीटरच्या पट्ट्यातील मोठ्या प्रमाणाचे नकाशे प्रतिबंधित मानले जात. कर्जत-खालापूर धरून सारे कोकण त्या पट्ट्यात येते. ज्या डोंगरावर गुराखी रोज गुरे चारतो, त्या डोंगराचा नकाशा शाळेच्या मास्तरांना सहजासहजी मिळत नसे. २००५ सालच्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वसामान्यांसाठी निराळी नकाशामाला सुरू केली. २०१७ पासून ती सर्वेक्षण खात्याच्या संकेतस्थळावरून विनामूल्य मिळू लागली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये उरलेली बंधने बरीचशी सैल झाली. एक बंधन मात्र ध्यानात ठेवावे. भारताची बाह्य सीमा सर्वेक्षण खात्याच्या नकाशाशी जुळलीच पाहिजे. न जुळणारा नकाशा छापणे हा १९६१ च्या कायद्यान्वये, त्यात १९९० साली झालेल्या दुरुस्तीमुळे, गुन्हा आहे. छोट्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावरील भारताची आकृतीही याला अपवाद नाही.

वाडी कुठे आहे?

आता मूळ गोष्टीकडे वळतो. आमच्या त्या पुस्तकाचे प्रकाशन झाले, प्रती वाटल्या गेल्या. मंडपाच्या कडेला उभ्या असलेल्या एका ठाकर म्हातारबांनी पुस्तक उघडले. अक्षरओळख नव्हती, म्हणून ते नकाशावरच थांबले. नातवाकडून एकेक नाव वाचवून घेतले आणि आमच्याकडे येऊन विचारले, "फादर, यात आमची वाडी कुठं हाय?" आम्ही म्हणालो, "बाबा, जागा नव्हती." ते हसले. म्हणाले, "जागा तर हाय. इथं काय बी नाय लिव्हलं." आणि त्यांनी डोंगराच्या पोटातील कोऱ्या कागदावर बोट ठेवले. त्या वेळी आम्हीही हसलो आणि गोष्ट विसरून गेलो.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इरशाळगडाच्या उतारावरची इरशाळवाडी दरडीखाली गेली. वस्ती ठाकरांची. वर जायला गाडीरस्ता नव्हता, पायवाट होती. यंत्रे चढवता येईनात, म्हणून माणसांनी पावसात हातांनी माती उपसली. सत्तावीस मृतदेह मिळाले. चार दिवसांनी, २३ जुलैला, शोध थांबवला तेव्हा सत्तावन्न माणसे बेपत्ताच होती. दरडीचा धोका असलेल्या ठिकाणांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते, असे विधानसभेत सांगण्यात आले.

त्या आठवड्यात आम्ही कपाटातून ते पुस्तक काढले. नकाशावर इरशाळगड होता, त्रिकोणाची खूण करून, ठळक अक्षरांत. त्याच्या उतारावर आम्हांला 'मोकळी जागा' दिसली होती, म्हणून तिथे आम्ही खुणांच्या सूचीची चौकट बसवली होती. किल्ला म्हणजे त्रिकोण, चर्च म्हणजे क्रूस, रेल्वे म्हणजे आडव्या काड्यांची रेघ. त्या चौकटीखाली शंभरावर माणसांची वस्ती होती.

आमच्या पुस्तकात वाडी असती तर दरड थांबली असती, असे आम्ही म्हणत नाही. शंभर पानांच्या स्मरणिकेला तेवढे बळ नसते. पण याद्या आणि नकाशे एकाच सवयीतून निघतात. गाव मोजायचे आणि वाडी गावात धरायची. रस्ता दाखवायचा आणि पायवाट सोडायची. गडाचे नाव घालायचे आणि गडाखाली राहणाऱ्यांचे गाळायचे. ही सवय सरकारची आहे म्हणून बोट दाखवावे, तर तीच आमच्या मेजावर, आमच्या पेनात होती. पोर्तुगिजांनी किनारा भरून आतला मुलूख कोरा ठेवला म्हणून आम्ही वर त्यांना शब्द लावला. आम्ही तरी वेगळे काय केले?

त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती आता सिद्ध होत आहे. तिच्या नकाशासाठी गेले दोन उन्हाळे तरुण मंडळी डोंगर चढत आहेत. हातातल्या फोनवर अक्षांश-रेखांश टिपले जातात हे खरे. मोन्सेराते यांना ज्यासाठी रात्री तारे पाहावे लागत, ते आता क्षणात होते. परंतु नाव फोन सांगत नाही. ते अंगणात बसून, चहा घेऊन, विचारावे लागते. वाडीचे नाव, ओहोळाचे नाव, उन्हाळ्यात टिकणाऱ्या पाणवठ्याचे नाव, पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या दळीचे नाव. एका वाडीत वृद्ध बायांनी कधी कोणता कडा सुटला हे हाताने दाखवत सांगितले. ती ठिकाणेही आम्ही टिपून ठेवली आहेत. नकाशावर ती दाखवण्याआधी जाणकारांकडून तपासून घेऊ, आणि जिथे केवळ सांगोवांगी आहे तिथे तुटक रेघ राहील. चर्चची संख्या नकाशावर होती तेवढीच आहे. वाड्या मात्र इतक्या झाल्या की नकाशा एका पानात मावेना. तो घडी घालून शेवटी जोडायचे ठरले आहे. त्यासाठी वाढणारा खर्च एका कुटुंबाने उचलला आहे. खुणांच्या सूचीची चौकट या खेपेस नकाशाच्या बाहेर, समासात आहे.

ज्या धर्मग्रामांतून स्मरणिका, इतिहास, महोत्सवाचे अंक निघतात त्यांच्या संपादक मंडळींना आमची एवढीच विनंती, की मजकूर छापखान्यात जाण्यापूर्वी नकाशाची एक कच्ची प्रत घेऊन परिसरातील सर्वांत दूरच्या घरी जावे, ती त्यांच्यापुढे पसरावी आणि त्यांचे बोट कुठे थांबते ते पाहावे. यहोशवाची माणसे वाटणीआधी देशभर चालली होती. आम्ही आधी वाटणी केली आणि मग चालायला लागलो.

ते म्हातारबा आता हयात नाहीत. त्यांच्या वाडीचे नाव नव्या नकाशावर आले आहे. नातवाने ते वाचून पाहिले आणि एक उकार चुकला असल्याचे सांगितले. तो दुरुस्त करून घेतला आहे.